चरक लहान, काहिल मोठी

नवीन ग्राफिक्स कार्ड बसवून व्हॅलोरंट हा नेमबाजीचा गेम चालू केला आणि कोपऱ्यातला एफपीएसचा (सेकंदाला किती फ्रेम, म्हणजे चित्रं, येतात त्याचा) आकडा बघितला. ११०. जुन्या कार्डावर पण ११० च्या आसपासच यायचे. तीन वेळा गेम बंद करून परत चालू केला, ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) काढून परत टाकला, मॉनिटरची वायर चुकून मदरबोर्डात तर लागली नाही ना ते पण मागं वाकून टॉर्च मारून बघितलं. सगळं बरोबर होतं. कार्ड आरटीएक्स ३०६०, बारा जीबीचं, दीड वर्ष पगारातनं थोडे थोडे बाजूला टाकून घेतलेलं, आणि गेम जसा होता तसाच.

त्या रात्री झोप लागली नाही मला. पैसे गेले याचं दुःख होतंच, पण त्यापेक्षा जास्त हे की असं का झालं तेच कळत नव्हतं. दुकानात मला कुणी विचारलं नव्हतं की तुझा प्रोसेसर कुठला आहे आणि मला पण तो सांगायचा असतो हे माहीत नव्हतं. माझा पीसी २०१५ चा, डिप्लोमाला असताना घेतलेला, प्रोसेसर आय५-४४६०, चार कोअर चार थ्रेड (कोअर म्हणजे प्रोसेसरमधले काम करणारे भाग, थ्रेड म्हणजे एका वेळी चालणारी कामं), आठ जीबी डीडीआर३ रॅम आणि कार्ड जीटीएक्स ७५० टीआय. मला वाटायचं की गेम म्हणजे ग्राफिक्स, ग्राफिक्स म्हणजे ग्राफिक्स कार्ड, मग कार्ड बदललं की झालं. आजपण बहुतेक पोरं असंच समजतात आणि म्हणूनच हे सगळं सविस्तर लिहितोय, कारण तेव्हापासून आमच्या कोल्हापुरात राजारामपुरीतल्या आणि कागल, इचलकरंजीकडच्या पोरांनी मिळून सात-आठ वेळा तरी मला हाच प्रश्न विचारलाय.

दुसऱ्या दिवशी शिरोलीतनं शिफ्ट संपवून आलो आणि आफ्टरबर्नर टाकला. हे सॉफ्टवेअर फुकट आहे, त्याच्याबरोबर रिवाट्यूनर येतं, त्यातनं गेम चालू असताना स्क्रीनवर सगळे आकडे दिसतात. बघतोय तर कार्डाचा वापर तीस टक्क्यांच्या आसपास, कधी पस्तीस, आणि प्रोसेसरचे चारही कोअर ९५-१०० ला चिकटलेले. म्हणजे माझं नवंकोरं कार्ड निम्म्याहून जास्त वेळ नुसतं बसून होतं.

याचा खरा अर्थ मला कुठल्या व्हिडिओतनं कळला नाही, गुऱ्हाळावर कळला. आमच्या तात्यांचं (चुलते माझे) पन्हाळ्याकडं गावात गुऱ्हाळ आहे. रविवारी तिकडं गेलो होतो. त्या दिवशी चरकाचा (ऊस पिळून रस काढणाऱ्या यंत्राचा) बेल्ट सरकत होता म्हणून चरक सावकाश चालवत होते, आणि रसाच्या टाकीत अजून एका आदणाचा (एका वेळी आटवायचा) रस जमला नव्हता. काहिल (रस आटवायची मोठी कढई) धुऊन तयार, चुलवाणात (तिच्याखालच्या चुलीत) चिपाडं पेटलेली, गुळव्या हात बांधून उभा. मी म्हटलं तात्या, जाळ वाढवला तर लवकर होणार नाही का? तात्या म्हणाले, "आरं रसच नाही तर आटवणार काय? काहिल मोठी आणली म्हणून गूळ जास्त निघतोय व्हय? चरक जेवढा रस देईल तेवढाच गूळ."

मी तिथंच उभ्या उभ्या मोबाईल काढून हे वाक्य लिहून ठेवलं.

प्रोसेसर म्हणजे चरक. गेममधली प्रत्येक फ्रेम आधी तिथं तयार व्हायला लागते. तुम्ही माऊस कुठं फिरवला, समोरचा प्लेयर कुठं पळाला, गोळी लागली का नाही, सर्व्हरकडनं काय आलं, भिंतीमागचं काय दाखवायचं आणि काय नाही, हे सगळं प्रोसेसर ठरवतो आणि मग कार्डाला एकेक हुकूम सोडतो की हे काढ, ते काढ. त्या हुकमांना ड्रॉ कॉल म्हणतात. ते आल्याशिवाय कार्डाला पुढची फ्रेम काढताच येत नाही. आले की कार्ड पिक्सेल, म्हणजे पडद्यावरचे ठिपके, रंगवतं, सावल्या, उजेड, धूर, पाणी, सगळं. ती काहिल.

आता हे आकड्यात बघा, कारण आकड्यात बघितल्यावरच माझं डोकं शांत झालं. एका सेकंदात १००० मिलिसेकंद. ६० एफपीएस पाहिजेत तर एका फ्रेमला १६.७ मिलिसेकंद मिळतात, १४४ पाहिजेत तर फक्त ६.९. माझ्याकडं ११० यायचे म्हणजे एका फ्रेमला साधारण ९ मिलिसेकंद. आता धरून चला की हे ९ मिलिसेकंद प्रोसेसरला लागतायत, आणि जुन्या कार्डाला त्याच फ्रेमला ८ लागत होते. दोघं एकाच वेळी काम करत असतात, प्रोसेसर पुढची फ्रेम तयार करतोय तोवर कार्ड मागची रंगवतंय, म्हणून दोन्ही वेळांची बेरीज होत नाही, ज्याला जास्त वेळ लागतो त्याच्या वेगानं सगळं चालतं. मी काय केलं, ८ चे ३ केले. आणि ९ चे ९ च राहिले. मग ११० चे ११० च येणार, दुसरं काय होणार? कार्ड ३ मिलिसेकंदात काम संपवून ६ मिलिसेकंद वाट बघत बसतंय, तेच ते तीस-पस्तीस टक्के.

पण इथं एक गोष्ट आहे जी मला लोकांना समजावताना सगळ्यात जास्त वेळ लागतो, ती म्हणजे "हा प्रोसेसर आणि हे कार्ड जमत नाही" असं नुसतं म्हणताच येत नाही. कुठला गेम, कुठलं रिझोल्युशन (पडद्यावर किती पिक्सेल) आणि किती एफपीएस पाहिजेत, हे तिन्ही सांगितल्याशिवाय त्या वाक्याला अर्थ नाही. त्याच मशीनवर मी सायबरपंक हा जड गेम लावला, तर जुन्या कार्डावर जो चालवायची हिंमत पण नव्हती तो नव्या कार्डावर चालला की! म्हणजे पैसे पाण्यात गेले असं नव्हतं. फक्त बाजाराच्या भागात, गर्दीत गेलो की आकडा धाडकन खाली यायचा आणि तिथं परत कार्ड पन्नास-साठ टक्क्यांवर, प्रोसेसर शंभरवर. गर्दी म्हणजे प्रोसेसरचं काम. प्रत्येक माणूस कुठं चाललाय, कुणाला धडकतोय, ते त्यालाच बघायला लागतं. म्हणून त्या गेममध्ये क्राउड डेन्सिटी कमी केली की प्रोसेसरला दम मिळतो, आणि जीटीए ५ मध्ये पॉप्युलेशन डेन्सिटी. टेक्स्चर (भिंती-जमिनीवरची नक्षी) कमी करत बसणारी पोरं बघितली की मला हळहळ वाटते, चेहरामोहरा घालवून बसतात गेमचा आणि एक एफपीएस वाढत नाही, कारण ते काम मुळात काहिलीचं आहे.

व्हॅलोरंट, काउंटर स्ट्राइक २ असले गेम उलटे. दिसायला हलके, कार्डाला फारसं काम नाही, पण तिथं लोकांना २००-३०० एफपीएस पाहिजे असतात, म्हणजे प्रोसेसरला एका फ्रेमला तीन ते पाच मिलिसेकंदच मिळतात. हलका गेम आहे म्हणून जुना प्रोसेसर चालेल असं वाटतं आणि नेमकं तिथंच फसायला होतं.

रिझोल्युशनचं पण तसंच. १०८० पी म्हणजे १९२० गुणिले १०८०, साधारण २०.७ लाख पिक्सेल. १४४० पी म्हणजे ३६.९ लाख. ४के म्हणजे ८२.९ लाख, १०८० पी च्या बरोबर चौपट. पण प्रोसेसरचं काम पिक्सेलवर नसतं, गेममधली माणसं तेवढीच, गोळ्या तेवढ्याच. रस तेवढाच आहे, फक्त आटवायचा जास्त आहे. म्हणून एकच जोडी १०८० पी ला विजोड वाटते आणि ४के ला एकदम जमून जाते. माझ्या एका मित्राकडं ४के टीव्ही आहे, कंट्रोलर घेऊन सोफ्यावर बसून साठ एफपीएसला खेळतो, त्याच्या पीसीत माझ्यासारखाच जरा जुना प्रोसेसर आहे आणि त्याला आयुष्यात कधी हा प्रश्न पडलेला नाही. पडायचं कारणच नाही.

आणि यातनंच एक फुकटचा फायदा निघतो जो मी पहिले सहा महिने वापरला. प्रोसेसर अडलाय म्हणजे कार्ड मोकळं आहे, मग ग्राफिक्स हाय करा, अल्ट्रा करा, एफपीएस फारसे कमी होत नाहीत, कारण कार्ड तसंही बसूनच होतं. फक्त रे ट्रेसिंगला (खऱ्यासारखा उजेड-सावली काढणारी सेटिंग) हात लावताना सांभाळून, लोकांना वाटतं ते निव्वळ कार्डाचं काम आहे, पण त्यानं प्रोसेसरवर पण बोजा वाढतो. डीएलएसएस आणि एफएसआर या सेटिंगचं उलट आहे, ते आतनं रिझोल्युशन कमी करून कार्डाचं काम हलकं करतात, त्यामुळं प्रोसेसर अडलेला असताना ते लावून काहीच हाताला लागत नाही, उगाच चित्र जरा पुसट होतं. फ्रेम जनरेशन वेगळी गोष्ट, त्यात मधली फ्रेम प्रोसेसरला न विचारता तयार होते म्हणून आकडा वाढतो, पण माऊस हलवल्यावर गेम जेवढ्या लवकर ऐकतो ते काही सुधारत नाही, नेमबाजीच्या गेममध्ये त्याच्या नादाला मी तरी लागत नाही.

आता खरं दुखणं. मला ११० कमी होते असं नव्हतंच. मॉनिटर माझा तेव्हा ७५ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला ७५ फ्रेम दाखवणारा, ११० त्याला भरपूर होते. त्रास होता तो अडखळण्याचा. आकडा ११० दाखवतोय आणि ऐन वेळेला, समोर दोघं आले, धूर फुटला, कुणी काहीतरी टाकलं, की एक क्षण सगळं गोठायचं आणि परत चालू. सरासरी आकड्यात हे दिसतच नाही. समजा ९९ फ्रेम ९ मिलिसेकंदात आल्या आणि एका फ्रेमला ८० लागले, सरासरी अजून पण शंभरच्या आसपासच येणार, पण ते ८० मिलिसेकंद डोळ्याला आणि हाताला कळतात, आणि त्यातच मरतो माणूस. म्हणून सरासरी बघण्यापेक्षा एक टक्का लो बघायचा, म्हणजे सगळ्यात वाईट एक टक्का फ्रेम कशा आल्या. माझ्याकडं सरासरी ११० आणि एक टक्का लो चाळीसच्या घरात. हा फरक मोठा असला की समजायचं कुठंतरी कुणीतरी धापा टाकतंय, आणि बहुतेक वेळा तो प्रोसेसर असतो, नाहीतर रॅम कमी पडत असते, नाहीतर कार्डाची स्वतःची मेमरी भरलेली असते.

उलट बाजू म्हणजे प्रोसेसर तगडा आणि कार्ड लहान. आमच्याच गल्लीतल्या एकानं रायझन ५ ५६०० घेतला आणि पैसे संपले म्हणून जीटीएक्स १६५० वर थांबला, चार जीबीचं कार्ड. तो घाबरून आला की दादा, कार्ड सारखं ९९ टक्के दाखवतंय, जळणार का? जळत बिळत नाही. तापमान ठीक असलं तर ९९ म्हणजे कार्ड पूर्ण कामाला लागलंय, गेमिंगमध्ये खरंतर तेच पाहिजे असतं. त्याचे एफपीएस कमी होते पण एकसारखे होते, दोन सेटिंग खाली केल्या की लगेच वाढायचे. त्याच्या हातात उपाय होता. माझ्या हातात नव्हता. दोन चुकांमधली एक निवडायची झाली तर मी डोळे झाकून त्याची निवडेन, कारण कार्ड उद्या बदलता येतं, स्क्रू काढला, दुसरं बसवलं. प्रोसेसर जुना असला की मदरबोर्ड बदला, रॅम बदला, सगळंच आलं.

टास्क मॅनेजरवर विसंबून राहू नका हे पण सांगतो. तिथं प्रोसेसर ३५ टक्के दिसतो आणि माणूस म्हणतो माझा प्रोसेसर तर मोकळा आहे. सहा कोअर बारा थ्रेडच्या प्रोसेसरवर एक थ्रेड पूर्ण भरला तर एकूण आकड्यात तो जेमतेम ८ टक्के दिसतो. आणि बऱ्याच गेमचं मुख्य काम एकाच थ्रेडवर अडकलेलं असतं. बारा गडी कामावर आहेत पण मोळी एकच जण उचलतोय, असं. म्हणून प्रत्येक कोअर वेगवेगळा बघायचा, किंवा त्याहून सोपं, कार्डाचा वापर बघायचा. एफपीएसला कुठं लगाम लावलेला नसताना, व्हीसिंक (एफपीएस मॉनिटरच्या वेगाला बांधणारी सेटिंग) बंद असताना, कार्ड ९५ च्या वर असेल तर कार्ड अडलंय. ७० च्या खाली घुटमळतंय तर दुसरंच कुणीतरी अडलंय.

याहून सोपी परीक्षा म्हणजे रिझोल्युशन ७२० पी ला टाका आणि त्याच जागी उभं राहून आकडा बघा. वाढला, तर कार्ड अडत होतं. हलला पण नाही, तर नवीन कार्ड घ्यायला जाऊ नका. दोन मिनिटाचं काम आहे, एक पैसा लागत नाही, आणि मी ते खरेदीच्या आधी केलं असतं तर माझे सहा महिने वाचले असते.

नेटवर ते बॉटलनेक (म्हणजे कोण कुणाला अडवतंय) कॅल्क्युलेटर असतात, प्रोसेसर निवडा, कार्ड निवडा, बटण दाबा, "१८ टक्के बॉटलनेक". कशाचे १८ टक्के? नेमका कुठला गेम, किती गर्दीत, किती एफपीएस पाहिजेत, काही नाही. मला मनापासून राग येतो त्याचा, कारण कमी पैशात पीसी जुळवणारी पोरं ते बघून घाबरतात आणि चांगली जोडी मोडून भलतंच घेऊन येतात.

प्रोसेसर बदलायच्या आधी मी अजून एक गोष्ट केली. केसचं झाकण उघडलं तर कूलरच्या पंख्यामागं धुळीचा थर बसलेला, आमचं घर रस्त्याला लागून, काळी बारीक धूळ येते. ब्लोअर मारला, थर्मल पेस्ट बदलली, तापमान ९० च्या वरनं सत्तरच्या खाली आलं. तापल्यावर प्रोसेसर आपला वेग स्वतःच कमी करतो, मग चांगली जोडी पण विजोड वाटायला लागते. माझे त्यानं थोडे एफपीएस वाढले, अडखळणं थोडं कमी झालं, पण मूळ दुखणं राहिलंच.

मग शेवटी रायझन ५ ५६०० घेतला, बी४५० बोर्ड सेकंड हँड मिळाला. जुना बी४५० घेत असाल तर बायोस (बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर) नवीन आहे का विचारा, नाहीतर ५६०० त्याच्यावर चालूच होणार नाही. आणि दुकानात ५५०० दाखवतील, नाव एवढं जवळचं की फरक काय असणार असं वाटतं, पण ५६०० ला ३२ एमबी एल३ कॅश (प्रोसेसरच्या आतली जलद मेमरी) आहे, ५५०० ला १६, आणि ५५०० पीसीआयई (कार्ड आणि बोर्ड जोडणारा रस्ता) ३.० वरच थांबतो. कॅशचा गेममध्ये किती फरक पडतो ते बघायचं असेल तर एएमडीनं २०२२ मध्ये ५८००एक्स३डी काढला तो बघा, त्याच एएम४ सॉकेटवर (प्रोसेसर बसायच्या जागेवर), ९६ एमबी एल३ कॅश, आणि निव्वळ त्या कॅशच्या जोरावर त्यानं गेमिंगमध्ये नाव काढलं. माझ्या जुन्या ४४६० ला ६ एमबी होती.

रॅम घेताना सोळा जीबीची एकच पट्टी स्वस्त पडत होती, नाही घेतली. आठ आठच्या दोन घेतल्या म्हणजे ड्युअल चॅनल होतं, प्रोसेसरला मेमरीतनं सामान दुप्पट रुंदीच्या रस्त्यानं येतं. आणि बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी (रॅम तिच्या पूर्ण वेगानं चालवणारी सेटिंग) चालू केलं. हे न केल्यामुळं ३२०० ची रॅम २१३३ किंवा २४०० वर चाललेली मी इतक्या पोरांच्या मशीनवर बघितलीय की आता कुणाचा पण पीसी हातात आला की मी पहिलं तेच बघतो.

पहिल्यांदा व्हॅलोरंट लावला तेव्हा आकडा अडीचशेच्या वर गेला. पण मला आकड्यापेक्षा ती शांतता आठवते. धूर फुटला, दोघं समोर आले, आणि काहीच अडखळलं नाही. सायबरपंक त्याच बाजारात ६५-७० वर, कार्ड ९७ टक्के. कार्ड तेच होतं. सहा महिने तेच कार्ड माझ्या टेबलाखाली होतं.

एक-दोन गोष्टी जुना बोर्ड ठेवून कार्ड घेणाऱ्यांसाठी, कारण त्या डब्यावर ठळक लिहिलेल्या नसतात. आरएक्स ६५०० एक्सटी हे कार्ड पीसीआयईच्या चारच लेन वापरतं, आरएक्स ६६०० आठ. नव्या ४.० बोर्डावर कळत नाही, पण जुन्या ३.० बोर्डावर चार लेनवाल्याचा वेग बऱ्यापैकी मार खातो, आणि माझ्या जुन्या एच८१ सारख्या २.० वाल्या बोर्डावर तर विचारच करू नका. दुसरं, कार्डाचा ड्रायव्हर चालवायचं काम पण प्रोसेसरच करतो आणि ते काम सगळ्या कंपन्यांचं सारखं नसतं. इंटेलचं आर्क बी५८० डिसेंबर २०२४ ला आलं, १२ जीबी, पैशाच्या मानानं सुंदर कार्ड, पण रायझन २६०० सारख्या जुन्या प्रोसेसरवर लावल्यावर बऱ्याच गेममध्ये ते नव्या प्रोसेसरवर जेवढं पळतं त्याच्या बरंच मागं पडताना दिसलं. म्हणजे स्वस्त कार्ड जुन्या मशीनला लावावं असं ज्याला वाटणार, त्यालाच त्रास. जुन्या प्रोसेसरवर नवीन डायरेक्टएक्स १२ च्या गेममध्ये जीफोर्सचा (एनव्हिडियाच्या कार्डांचा) ड्रायव्हर पण रेडिऑनपेक्षा (एएमडीच्या) जास्त प्रोसेसर खातो.

मागच्या आठवड्यात तात्यांचा पोरगा आला होता, अकरावीत आहे, त्याला पण कार्ड बदलायचंय. त्याच्याकडं आय३-१०१००, चार कोअर आठ थ्रेड, आणि जीटीएक्स १०५० टीआय. मी काहीच सांगितलं नाही, म्हटलं ७२० पी ला टाक आणि मला दोन फोटो पाठव. रात्री साडेअकराला फोटो आले. जीटीए ५ मध्ये १०८० पी ला ६८, ७२० पी ला ११२, कार्ड पहिल्या फोटोत ९८ टक्के.

मी त्याला लिहिलं, तुझा चरक चांगला आहे, काहिल बघूया.